देणगीचा नंबर शेवटचा

प्रश्न एका कारखानदाराचा आहे. थोडक्यात असा: वडिलांनी पिंपरी-चिंचवडला दोन लेथवर सुरू केलेला वाहनांच्या सुट्या भागांचा धंदा. आज कुटुंबाची सगळी मालमत्ता धरली तर शंभर कोटींच्या पुढे. मुलगी बाहेर शिकून परत आली आहे आणि जेवताना ऐकवते, की लोकशाहीत एकेका घरात एवढं साचणं बरं नव्हे. ‘मी कर भरतो, अडीचशे माणसांना काम देतो, गावच्या शाळेला चार खोल्या बांधून दिल्या. आणखी काय करू? विषमतेची ही ओरड म्हणजे शेवटी हेवाच ना? आणि वारसा कर आला तर तो न्याय म्हणायचा की शिक्षा?’

मी सीए आहे. कामाचा मोठा भाग तुमच्यासारखी कुटुंबं आणि धर्मादाय न्यास यांचा, म्हणजे पैसा येताना आणि जाताना, दोन्ही वेळा तो माझ्या टेबलावरून जातो. त्यामुळे उत्तर जरा रोखठोक आहे, रागावू नका.

जबाबदारी उरते, आणि बरीच उरते. पण तुम्ही ती देणग्यांमध्ये शोधताय, आणि तिथे ती सगळ्यात कमी आहे. श्रीमंत घरांचा क्रम मी बहुधा असा पाहतो: आधी देणगी, मग कर, मग कामगार, आणि सगळ्यांची देऊन झाली की मग लहान पुरवठादाराचं बिल. मी हाच क्रम खालून वर लावायला सांगतो.

तर सुरुवात बिलांपासून. अकाउंटंटला ३१ मार्चचा क्रेडिटर्सचा एजिंग रिपोर्ट, म्हणजे कोणाचं देणं किती दिवस थकलंय त्याची यादी, काढायला सांगा. टॅलीत दोन मिनिटांचं काम आहे. त्यात भोसरीचा एखादा प्लेटिंगवाला, एखादा टूलरूमवाला, एखादा टेम्पोवाला नव्वद-शंभर दिवसांवर बसलेला हमखास सापडेल. त्याचे दोन लाख तुमच्या ताळेबंदात दिसतही नाहीत, पण त्याच्याकडे तो पोरांचा पगार असतो आणि तो भागवायला तो पतसंस्थेतून महाग व्याजाने पैसे उचलतो. म्हणजे शंभर कोटींच्या धंद्याला बिनव्याजी खेळतं भांडवल कोण पुरवतंय, तर पत्र्याच्या शेडमधला माणूस. विषमता आकडेवारीत दिसायच्या आधी इथे तयार होते.

२००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पण हे व्याज मागतो कोण? मागितलं की पुढची ऑर्डर बंद. म्हणून २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात ४३बी(एच) आलं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. त्या पहिल्या मार्चमध्ये एका कंपनीच्या मालकाने मला विचारलं, ‘पुरवठादारांना उद्यम नोंदणी रद्द करायला सांगितलं तर चालेल का?’ म्हणजे कागदावर ते लघुउद्योगच उरणार नाहीत. त्याच आठवड्यात त्यांच्या सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक खर्चाच्या, समितीची बैठक होती आणि विषयपत्रिकेवर लघुउद्योजकांच्या प्रशिक्षणाला निधी हा विषय होता. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. जास्त बोलावं लागलं नाही, बिलं निघाली.

तुम्हालाही वरची मोठी कंपनी उशिरा पैसे देते, आणि मध्यम उद्योग म्हणून तुम्हाला या कायद्याचं संरक्षण नाही, हे मला ठाऊक आहे. पण वरचा अडवतो म्हणून खालच्याला अडवायचं, हे समर्थन तुमच्या मुलीला पटणार नाही. मलाही पटत नाही.

मग कामगार. अडीचशेपैकी पटावर किती आणि ठेकेदारामार्फत किती? ठेकेदार भविष्यनिर्वाह निधीचं जे चलन आणून देतो, त्यातली नावं आणि गेटवरच्या हजेरीतली नावं कधी जुळवून पाहिली आहेत का? बऱ्याच ठिकाणी जुळत नाहीत. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर जबाबदारी मूळ मालकावर येते, हे कायद्यात आहे. तेव्हा ‘मी काम देतो’ हे वाक्य जुळवणी झाल्यावर बोला.

आता कर. तुम्ही कर भरता यावर माझा विश्वास आहे. पण संपत्ती जसजशी मोठी होते तसतसा कर प्रमाणाने कमी होत जातो, हे बहुतेकांना माहीत नसतं. आकडे घेऊन बघू.

एक इंजिनिअर, पगार वर्षाला ३० लाख. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन २०२५-२६ या वर्षाचा त्याचा कर उपकरासह ४ लाख ७५ हजारांच्या आसपास येतो, म्हणजे पगाराच्या जवळपास १६ टक्के. पगार हातात पडायच्या आधीच तो कापला जातो.

दुसरा एक प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करणारा मालक, तुमच्यापेक्षा बराच मोठा. नोंदणीकृत कंपनीतले त्याचे शेअर १,००० कोटींचे. वर्षभरात भाव १२ टक्क्यांनी वाढला, म्हणजे १२० कोटी. लाभांश एक टक्का, १० कोटी. लाभांशावर अधिभार धरून कर साडेतीन कोटींच्या थोडा वर. वाढलेल्या १२० कोटींवर शून्य, कारण शेअर विकलेच नाहीत. १३० कोटींनी श्रीमंत झालेल्या माणसाचा कर तीन टक्क्यांच्या आत!

इथे माझे अशील लगेच म्हणतात, ‘कंपनीने आधी कर भरलाय ना!’ बरोबर आहे, तोही धरू. त्याच्या वाट्याचा करोत्तर नफा ४० कोटी धरला, तर २५.१७ टक्के दराने कंपनीने त्यावर साडेतेरा कोटींच्या आसपास कर भरला असेल. दोन्ही मिळून १७ कोटी. कंपनीने भरलेला करही त्याच्या मिळकतीत मिळवला तर ती साधारण १४३ कोटी होते. प्रमाण १२ टक्के. इंजिनिअर १६ वर, प्रवर्तक १२ वर. आणि हे आकडे मी प्रवर्तकाच्या बाजूने झुकते धरले आहेत.

त्याने उद्या शेअर विकले तरी काय? दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर १२.५ टक्के, अधिभाराला १५ टक्क्यांची मर्यादा, सगळं धरून १५ टक्क्यांच्या काठावर. त्यातही नोंदणीकृत शेअरवर ३१ जानेवारी २०१८ पर्यंत झालेला नफा कायमचा माफ आहे, कारण त्या दिवसाचा भाव हीच खरेदी किंमत धरायची मुभा आहे. आणि पैसे लागलेच तर विकायची गरज काय? शेअर तारण ठेवायचे, कर्ज काढायचं. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, त्यामुळे त्यावर कर नाही. त्याच्या गेटवरचा वॉचमन मात्र साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत जीएसटी भरतो, आणि तो भरताना त्याचं उत्पन्न किती हे कोणी विचारत नाही.

यात बेकायदा काही नाही. हे कागद मीच तयार करतो. वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबच्या अभ्यासाचा अंदाज आहे की २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्क्याकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता, आणि उत्पन्नातला हा वाटा १९२२ पासूनच्या नोंदींत सर्वांत मोठा आहे. नेमक्या आकड्यांवर अर्थतज्ज्ञांत वाद आहेत, पण दिशा कुठली आहे हे मला माझ्या ऑफिसातल्या फायलींवरूनही दिसतं.

कायद्यापेक्षा जास्त कर भरा असं मी सांगणार नाही, कोणी भरतही नाही. पण दोन-तीन गोष्टी पूर्ण तुमच्या हातात आहेत. सातबाऱ्यावर दोन एकर आणि विवरणपत्रात शेतीचं उत्पन्न चाळीस लाख, असली द्राक्षं माझ्याकडे आणू नका. जमिनीच्या व्यवहारात ‘वरचे’ रोख देऊ नका. आणि उद्योजक संघटनेच्या अर्थसंकल्पपूर्व निवेदनात आपल्याच फायद्याची सवलत ‘रोजगारासाठी’ म्हणून घुसवली जाते, तेव्हा त्याखाली सही करण्याआधी ती सवलत नक्की कोणाच्या खिशात जाणार, एवढं विचारा.

करातून काय उभं राहू शकतं याचं उत्तम उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे आणि आपण ते विसरत चाललोय. १९७२ चा दुष्काळ. लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर. त्यातून वि. स. पागे यांच्या आग्रहाने रोजगार हमी योजना उभी राहिली: मागेल त्याला काम, आणि ते हक्क म्हणून. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पैसे कुठून आणले? १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. मुंबई-पुण्याच्या पगारदारांच्या पगारातून कापून घेतला, वर आणखी काही उपकर लावले, आणि जेवढे जमतील तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. फोर्टातल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये मराठवाड्यातल्या पाझर तलावावर खर्च होत होते. काम मागणाऱ्या बाईला कोणा दानशूराच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं, आणि काम मिळालं म्हणून कोणाचे आभारही मानावे लागत नव्हते. काम मिळालं नाही तर भत्ता मागायचा तिला हक्क होता. गैरव्यवहार झाले, खोटे मस्टर भरले गेले, तेही खरं. तरीही २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने धडा घेतला तो इथूनच.

पण त्यातली खोच बघा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ प्रमाणे व्यवसाय कर माणशी वर्षाला २,५०० रुपयांच्या वर लावता येत नाही. ही मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने घातली, त्याआधी ती २५० होती. महिना दहा हजारांच्या वर पगार असलेला तुमचा पुरुष कामगार दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० मिळून २,५०० भरतो. कंपनीचे संचालक म्हणून तुम्हीही २,५००च भरता. दुष्काळी गावासाठी शहराने उचललेल्या भारात कामगाराचा आणि मालकाचा वाटा रुपयाला रुपया सारखा!

आता हेव्याबद्दल. शेजाऱ्याची मोठी गाडी बघून पोटात दुखलं तर तो हेवा. पण मी ज्याबद्दल बोलतोय त्यात गाडीचा संबंध नाही. लोकशाहीत मत एकेकच असतं, म्हणून ज्याच्याकडे पैसा आहे तो मत सोडून नियमावर हात टाकतो. २०१७ पर्यंत कंपनीला राजकीय पक्षांना देणगी द्यायची तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती. त्या वर्षी ती काढून टाकली. पुढच्याच वर्षी निवडणूक रोखे विक्रीला आले. कोणी कोणाला दिलं हे मतदाराला कळणार नाही, आणि तोट्यातली कंपनीसुद्धा देऊ शकेल. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना आणि मर्यादा हटवणारी दुरुस्ती, दोन्ही रद्द केल्या. तोपर्यंत १६ हजार कोटींच्या वर रोखे विकले गेले होते. तोट्यातली कंपनी राजकीय पक्षाला पैसे का देईल, याला सीए लागत नाही.

तुमच्या पातळीवर हे वेगळ्या रूपात येतं. विकास आराखड्यात शेजारच्या भूखंडावर शाळेचं किंवा मैदानाचं आरक्षण असतं आणि कोणीतरी येऊन म्हणतं, ‘उठवून देतो, साहेबांशी बोलणं झालंय.’ गणपतीच्या वर्गणीचा आकडा अचानक पाच आकडी का झाला, ते तेव्हा कळतं. चार खोल्या बांधणाऱ्याने एक मैदान गिळलं तर हिशोब कुठे गेला, हे तुम्हीच ठरवा. श्रीमंताकडून लोकशाहीने एकच गोष्ट मागायची म्हटली तर मी ही मागेन: पैशाने नियम विकत घेऊ नका. देणग्या नाही दिल्यात तरी चालेल.

याला लागूनच आणखी एक आहे, ज्याबद्दल आपल्या वर्गात कोणी बोलत नाही. आपण सार्वजनिक गोष्टींतून निघून गेलोय. पाणी टँकरचं, शाळा आंतरराष्ट्रीय, दवाखाना खासगी, सुरक्षा एजन्सीची, सोसायटीला वीज गेली तर जनरेटर. ज्यांचा फोन आयुक्त उचलतात त्या माणसांची मुलं महापालिकेच्या शाळेत नाहीत, म्हणून त्या शाळेबद्दल आयुक्तांना फोन जात नाही. तुमच्या सोसायटीत महिन्याला टँकरवर किती लाख जातात ते बघा, आणि तेवढ्याच जोरात महापालिकेकडे पाण्याचा पाठपुरावा कोणी केलाय का तेही विचारा. मतदानाचंही तसंच. २०२४ च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत जेमतेम निम्मे मतदार बाहेर पडले. त्याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये, जंगलातली वाट तुडवत, सत्तर टक्क्यांच्या वर. ज्याचं मतावाचून चालतं तो रांगेत उभा राहत नाही.

इथवर आल्यावर मग देणगीचं बोलू. चार खोल्या बांधल्यात, चांगलंच केलंत. पण त्या खोल्यांत जिल्हा परिषदेने शिक्षक दिलाय का? खोली एकदा बांधायची असते. शिक्षकाचा पगार तीस वर्षं दर महिन्याला लागतो आणि तो फक्त करातून येऊ शकतो. खोलीवर नावाची पाटी लागते, पगारावर लागत नाही, म्हणून देणगीदाराला खोलीच आवडते. सीएसआर समित्यांमध्ये मी हे सारखं बघतो. मार्च जवळ आला की ‘खर्च दाखवायचाय’ म्हणून फोन. पाण्याची सोय नसलेल्या शाळेत स्वच्छतागृह, वीज नसलेल्या खोलीत स्मार्ट बोर्ड. आणि हे सगळं कारखान्याच्या आसपास. नंदुरबारला कोण जातो?

मुंबईचा इतिहास दात्यांनी भरलेला आहे आणि तो खोटा नाही. माहीमची खाडी ओलांडताना होड्या उलटून माणसं मरायची. कंपनी सरकार पूल बांधेना, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि अट घातली की लोकांकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये तो रस्ता खुला झाला, आजही आपण त्यावरून जातो. त्या घराण्याच्या संपत्तीचा मोठा भाग चीनला अफू विकून आला होता, हेही त्याच इतिहासात आहे. आणि तेव्हा मुंबईकराला मत नव्हतं. राज्यकर्त्याला जाब विचारायची सोय नसलेल्या शहरात दाता हाच आधार होता. आज ज्याच्या त्याच्या बोटाला शाई लागते. पूल कुठे हवा हे आता पैसेवाल्याच्या घरी ठरायचं कारण नाही.

आकाराचाही अंदाज घ्या. देशातल्या कंपन्यांचा सीएसआर खर्च वर्षाला साधारण ३० हजार कोटींच्या घरात आहे. २०२५-२६ चा केंद्राचा अर्थसंकल्प ५० लाख कोटींच्या वर. म्हणजे रुपयाला एक पैसाही पडत नाही. उलट २० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत पत्रकार परिषद घेऊन अर्थमंत्र्यांनी कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारनेच सांगितलेला बुडीत महसूल वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी होता. त्या दिवशी सेन्सेक्स १,९२१ अंशांनी वर गेला. दर कमी करायला अर्थशास्त्रीय कारणं असतील, मी त्या वादात पडत नाही. पण पाच वर्षांच्या सीएसआरइतकी रक्कम एका सकाळी सुटली, आणि त्यानंतरही आपण वार्षिक अहवालात शाळेतल्या मुलांचे फोटो छापतो, हे जरा बघवत नाही.

दान आणि हक्क यांची गाठ कुठे पडते ते बघायचं असेल तर धर्मादाय रुग्णालयात जा. न्यास म्हणून त्यांना करसवलत मिळते, अनेकांना सवलतीत जमीन आणि जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगीही मिळाली आहे. बदल्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना सांगते: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या खात्यात. तातडीच्या वेळी अनामत मागायची नाही. प्रत्यक्षात काय होतं? नातेवाईक तहसीलदाराचा दाखला आणि पिवळं रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन काउंटरवर उभा असतो. ‘कोटा संपला’ म्हणून त्याला परत पाठवतात. आणि मी ताळेबंद तपासायला बसतो तेव्हा देणी या बाजूला त्याच निधीची न खर्चलेली शिल्लक वर्षानुवर्षं वाढत गेलेली असते. सगळीकडे असं नसतं. काही ठिकाणी समाजसेवा विभागातली एखादी बाई स्वतः वॉर्डात फिरून दाखला नसलेल्यांचे कागद करून देते. पण ते तिच्या चांगुलपणावर चालतं, आणि ती निवृत्त झाली की थांबतं. कोणत्याही न्यासावर तुम्ही विश्वस्त असाल तर वर्षातून एकदा ही शिल्लक मागा. मोठ्या देणगीपेक्षा हा एक प्रश्न जास्त खाटा मोकळ्या करतो.

राहिला वारसा कर. माझं मत सरळ सांगतो: दरवर्षीचा संपत्ती कर नको, वारसा कर हवा. दोन्ही आपल्याकडे होऊन गेलेत.

संपत्ती कर निकोलस काल्डोर यांच्या सल्ल्याने १९५७ मध्ये आला. मी तो भरून दिलाय, त्यामुळे त्याबद्दल गहिवर येत नाही. १९९३ पासून शेअर त्यातून वगळलेले, पण दागिने, मोटार, मोकळा शहरी प्लॉट आणि ५० हजारांच्या वरची घरातली रोकड मात्र धरलेली. म्हणजे सदाशिव पेठेतल्या आजींच्या पाटल्यांचं मूल्यांकन करून घ्यायचं आणि प्रवर्तकाच्या हजार कोटींकडे बघायचंही नाही. २०१३-१४ मध्ये अख्ख्या देशातून त्याचे हजार कोटी आणि वर थोडे जमले. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो गेला, बरंच झालं.

मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचं शुल्क १९५३ मध्ये आलं. त्याचा वरचा दर ८५ टक्के. एवढा दर ठेवला की माणूस कर भरत नाही, वकील गाठतो. त्यात हयातीत संपत्ती कर होताच. १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना ते रद्द झालं, तेव्हा वसुली वर्षाला २० कोटींच्या आसपास होती. त्यानंतर भारतात बापाची हजार कोटींची संपत्ती मुलाला एक रुपया कर न भरता मिळते. ब्रिटनमध्ये यावर ४० टक्के आहेत, जपानमध्ये ५५ पर्यंत.

मला जे पटतं ते असं: सूट मोठी, समजा घरटी ५० कोटी. शेती आणि राहतं घर त्याच्या आत सहज बसेल. त्यावर १० ते १५ टक्क्यांचा माफक दर. शेअर, जमीन, सोनं, कौटुंबिक न्यासात ठेवलेलं, सगळं धरायचं, एकही अपवाद नाही. आणि भरायला हप्ते, म्हणजे कारखाना विकायची पाळी येऊ नये. सॅमसंगच्या ली कुटुंबाने २०२० मध्ये प्रमुख वारल्यावर १२ लाख कोटी वॉनहून जास्त कर पाच वर्षांच्या हप्त्यांत भरायचं ठरवलं. सॅमसंग बुडाली नाही. आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे: मोठे मासे दुबई-सिंगापूरला निवासी होतील आणि जाळ्यात तुमच्यासारखे मधले सापडतील. ही भीती मी खोडून काढत नाही. देश सोडून जाताना न विकलेल्या शेअरवर कर लावायचा नियम आधी करावा लागेल, मग वारसा कर. उलट्या क्रमाने केलं तर १९८५ ची पुनरावृत्ती होईल.

२०२४ च्या निवडणुकीत वारसा कराचा नुसता उल्लेख झाला आणि माझ्याकडे आठवडाभर कौटुंबिक न्यास करून घेण्यासाठी रांग लागली. तुम्हीही विचारणार आहात, म्हणून आताच सांगतो. न्यास जरूर करा. भांडणं टळतात, धंदा फुटत नाही. पण कर टाळायला म्हणून करू नका, कारण कायदा आला तर तो न्यासाच्या आत बघणारच. आणि मुलीच्या बोलण्यावरून सार्वजनिक न्यासात काही ठेवायचं मनात आलं, तर दस्तात चार गोष्टी पक्क्या करून घ्या. विश्वस्तांत घरचे अल्पमतात. न्यासाची जागा किंवा पैसा घरच्या कंपनीला वापरायला देता येणार नाही. दरवर्षीचा हिशोब गावच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवायचा. आणि नावाची पाटी लावायची की नाही, हे त्याच ग्रामसभेने ठरवायचं. मसुदा मी करून देतो. पण येताना तो एजिंग रिपोर्ट घेऊन या.